वहीत लिहून ठेवलेलं वाक्य

बॉयलर बंद पडला तेव्हा त्या घरात येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. २०२२ चा ऑक्टोबर. इंग्लंडातल्या शेफील्डच्या क्रूक्स भागात, चढावर, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेलं जुनं घर. पाच खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. करार एजन्सीशी, आणि एकाच कागदावर पाच सह्या. चौघं चिनी आणि पाचवी मी, कुडाळची.

नळाला बर्फासारखं पाणी, बाहेर पाऊस. एजन्सीला फोन करायला हवा होता. शिजियाझुआंग नावाच्या चिनी शहरातून आलेल्या मुलीने अख्खा करार वाचला होता, त्यामुळे फोन तिनेच करायचा असं ठरलं. तिने आधी वहीत सहा-सात ओळी लिहून काढल्या. मग फोन लावला. पलीकडून यॉर्कशरच्या बोलीत भराभर काहीतरी आलं. तिने पहिली ओळ वाचली. पलीकडून एक प्रश्न आला, तो वहीत नव्हता. तिचा हात थरथरायला लागला आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी बोलले, दोन मिनिटांत काम झालं. ती वर खोलीत गेली ती रात्री जेवायलाही खाली आली नाही.

मी मनात म्हटलं, हिला इंग्रजी येत नाही. ही समजूत चुकीची होती. ती किती चुकीची होती ते कळायला मला पुढचं वर्ष लागलं, आणि तेच सांगायला हे लिहितेय.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. स्वतः मराठी माध्यमाची. बिनपगारी रजा घेऊन शिक्षणशास्त्रात एक वर्षाचं एम.ए. करायला गेले तेव्हा वय तेहेतीस. घरातली बाकीची बावीस-तेवीस वर्षांची, नुकती पदवी घेऊन आलेली. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ‘जिए’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे ताई. त्यांची नावं इथे देत नाही, गावावरून ओळखा. शिजियाझुआंगची आणि चेंगदूची अशा दोघी माझ्याच वर्गात होत्या. शांदोंगचा मुलगा मॅनेजमेंटला. चौथा ग्वांगझूचा, तो सकाळी लॅबमध्ये जायचा तो रात्री अकराला यायचा, त्याच्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही.

पहिल्या संध्याकाळी मी भारतातली आहे म्हटल्यावर शिजियाझुआंगची म्हणाली, ‘मला एक भारतीय डॉक्टर माहीत आहेत. के दीह्वा.’ मला कळेना हे कोण. तिने फोनवर फोटो शोधून समोर धरला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आपल्या सोलापूरचे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय ३२. त्यांची समाधी हिच्या शहरात आहे. शाळेत असताना छिंगमिंगच्या सणाला, म्हणजे पूर्वजांच्या आठवणीच्या दिवशी, हिच्या वर्गाला तिथे फुलं वाहायला नेलं होतं. मी तिला सोलापूर नकाशावर दाखवलं, मग कुडाळ. आमच्या दोघींचं बोलणं तिथून सुरू झालं.

ही मुलं इतक्या लांब का येतात, हा प्रश्न मला आधी पडला होता. उत्तर आकड्यांत आहे. २०२२ साली गाओकाओला, म्हणजे त्यांच्या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला, १ कोटी १९ लाख मुलं बसली. पदवीनंतर देशातच मास्टर्स करायचं तर काओयान नावाची आणखी एक परीक्षा असते, तिला त्या वर्षी ४५ लाखांवर अर्ज होते. घरातल्या दोघांनी काओयान दिली होती आणि थोडक्यात हुकली होती. वर्षभर घरी बसून पुन्हा अभ्यास, किंवा आईवडिलांची शिल्लक मोडून एक वर्ष इंग्लंड. आणि एवढा पैसा घालून आल्यावर मायदेशात या पदवीला काय म्हणतात, तर ‘श्वेइ-श्वो’. श्वेइ म्हणजे पाणी. पाणचट मास्टर्स. एका वर्षात उरकणारं, पैसे टाकून मिळणारं. शांदोंगच्या मुलाने मला हा शब्द सांगितला तेव्हा तो हसला नाही. ज्या पदवीसाठी तो रात्री दोनपर्यंत जागायचा, तिला तिकडे काय म्हणतात हे त्याला येण्याआधीपासून ठाऊक होतं.

सरकारी सोपस्कार आमचे बरेचसे सारखेच होते. क्षयरोगाची तपासणी मी मुंबईत केली, त्यांनी त्यांच्याकडे. आरोग्य सेवेचा अधिभार तेव्हा वर्षाला ४७० पौंड, सगळ्यांनाच. चिनी विद्यार्थ्यांना आणखी एक काम असायचं, सात दिवसांत पोलिसांकडे जाऊन ३४ पौंड भरून नोंदणी करायची. भारतीयांना ती कधी नव्हती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती पद्धत बंद झाली, म्हणजे आमच्या बॅचला सुटका. पण वरच्या वर्गातल्या मुलींनी, ज्यांना ही मुलं ‘श्वेजिए’ म्हणतात, पहाटेपासून लावलेल्या रांगांचे किस्से यांना ऐकवले होते, आणि चेंगदूची कितीतरी दिवस विचारत होती की नक्की बंद झालंय ना.

फोनचं मात्र आमच्यापेक्षा वेगळं. आपण जे रोज वापरतो, गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, ते त्यांच्याकडे चालत नाही. इथे उतरल्यावर नकाशा, पत्ता, निरोप, सगळ्याचं नवं दुकान मांडायचं. तेही शिकायला दिवस लागतात, आणि ते शिकताना तुमच्या चुका सगळ्यांना दिसतात.

आता वर्गाबद्दल, कारण खरा विषय तोच आहे.

सेमिनारला आम्ही चौदा जण. त्यांतले नऊ चिनी. प्राध्यापकबाई चांगल्या होत्या, मनापासून शिकवायच्या. लेख आधी वाचून यायचा आणि वर्गात चर्चा. बाई प्रश्न टाकायच्या, क्षणभर थांबायच्या, कोणी बोलत नाही असं दिसलं की मी बोलायची. किंवा एक ग्रीक मुलगा. तासभर आम्ही दोघं आणि बाई. बाकीचे खाली मान घालून लिहीत. बाहेर पडताना तो ग्रीक मुलगा म्हणायचा, हे लोक वाचून येत नाहीत. मी मान डोलवायची. नऊ वर्षं शिकवलेली बाई मी, पण मलाही ते पटायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्री पाणी प्यायला खाली आले तर शिजियाझुआंगची स्वयंपाकघराच्या टेबलावर पुढच्या दिवसाचा लेख घेऊन बसली होती. बावीस पानांचा. छापून घेतलेला. मी शेजारी बसले आणि पानांकडे पाहिलं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने बारीक चिनी अक्षरांत सारांश. पिवळी रेघ मुद्द्याला, गुलाबी रेघ पुराव्याला, हिरवी रेघ तिला न पटलेल्या जागेला. हिरव्या रेघा भरपूर होत्या. लेख तिचा दोनदा वाचून झाला होता, मी एकदाच वाचला होता आणि तोही बसमध्ये. शेजारी ती वही, बॉयलरच्या वेळची. त्यात एक वाक्य लिहिलेलं होतं, उद्या वर्गात विचारायचा प्रश्न. लेखकाने शहरी शाळा पाहून ग्रामीण शाळांबद्दल निष्कर्ष कसा काढला, असा. वाक्य चार वेळा लिहिलेलं. पहिल्यात क्रियापदाचा ‘एस’ राहिला होता, तो लाल पेनाने घातलेला. दुसऱ्यात एक शब्द खोडून जास्त नम्र शब्द. तिसऱ्यात शब्दांच्या डोक्यावर जोर कुठे द्यायचा त्याच्या टिचक्या. चौथं स्वच्छ.

मी विचारलं, ‘मग विचारत का नाहीस?’

ती म्हणाली, ‘मी वाक्य मनात एकदा म्हणून बघते. तेवढ्यात तू बोलायला लागतेस. तुझं होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग माझा प्रश्न जुना होतो.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. शाळेतली माझी मुलं डोळ्यांपुढे येत राहिली, इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसलेली. आणि त्याच्याही मागे मी स्वतः, अकरावीला कॉलेजात गेल्यावर सहा महिने तोंड न उघडलेली. मी ते विसरले होते. विसरायला नको होतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तर उत्तरं लांबतात, गप्प मुलं बोलायला लागतात. बी.एड. झालेल्या कोणालाही हे पाठ असतं. मलाही होतं. आणि तीन सेकंदही आपल्या भाषेत विचार करणाऱ्यासाठी. दुसऱ्या भाषेतून वाक्य जुळवणाऱ्याला किती लागत असतील?

आम्ही दोघी बाईंना भेटलो. मागणी साधी होती. चर्चेचे दोन प्रश्न आदल्या दिवशी कळवा, आणि वर्गात बोलण्याआधी पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोलून लिहायला द्या. बाईंनी वही पाहिली, म्हणजे मी तिला ती दाखवायला लावली. बाई बराच वेळ ते पान बघत होत्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी तसं केलं. पहिल्याच दिवशी चार नवे आवाज ऐकले. चेंगदूची इतकी छान बोलते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माझा मुद्दा त्या दिवशी सातव्या नंबरवर आला आणि तोवर तो दुसऱ्या कोणीतरी माझ्याहून चांगला मांडलाही होता.

सगळं इतकं सरळ मात्र नव्हतं. गटात करायच्या कामावरून आमचं जोरदार भांडण झालं. चौघींचा गट, तीन चिनी आणि मी. मी रात्री झोपायची तेव्हा सादरीकरण एक असायचं, सकाळी उठून बघावं तर दुसरंच. तिघींचा वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, वेगळा ग्रुप होता आणि खरी चर्चा तिथे चिनीत चालायची. मी चिडले. मला परकं करताय, असं सरळ बोलले. चेंगदूची, जी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, ‘जिए, तासभराच्या मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं तू बोलतेस. आम्ही विचार करायचा तरी कुठे?’

तिचं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. त्या तिघींनी ठरवलेलं मला सकाळी कळणं हे बरोबर नाही, आणि परदेशात येऊन फक्त आपल्याच माणसांत राहिलं तर त्यांचंही नुकसान आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण तेच म्हणताना माझ्या फोनवर मराठी माणसांचे तीन ग्रुप होते, दिवाळीचा फराळ कुठे मिळेल ते मी तिथेच विचारलं होतं. शेवटी असं ठरलं की पहिली वीस मिनिटं ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचं, मग इंग्रजीत मांडायचं, आणि वीचॅटच्या ग्रुपमध्ये मलाही घ्यायचं. तिथे भाषांतराचं बटण असतं. त्या बटणाने होणारी भाषांतरं ओबडधोबड असतात, पण दार उघडं आहे एवढं तरी कळतं.

गुणांची गोष्टही सांगायला हवी. पहिल्या निबंधाला चेंगदूच्या मुलीला ६२ मिळाले. मलाही ६२. मी लगेच घरी फोन करून आईला सांगितलं, फर्स्ट क्लास! चेंगदूची खोलीचं दार लावून बसली. तिच्या लेखी ६२ म्हणजे काठावर पास, आयुष्यात ८५ च्या खाली कधी गेली नव्हती. इंग्लंडात मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन, आणि ८० क्वचित कोणाला पाहायला मिळतात. हे तिला आधी सांगितलं होतं, पण डोक्याने कळणं वेगळं. आईवडिलांना तिने आठवडाभर सांगितलं नाही.

शांदोंगच्या मुलाचं त्याहून अवघड झालं. इंग्रज शिक्षक निबंधावर शेरा लिहितात तो इतका मऊ असतो की त्यातला हुकूम बाहेरच्याला दिसत नाही. ‘तुम्हाला कदाचित याचा विचार करावासा वाटेल,’ म्हणजे हे बदला. त्याने ते ऐच्छिक समजून सोडून दिलं. दुसऱ्या निबंधात त्याने व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत जशाच्या तशा घेतल्या, पुस्तकाचं नाव शेवटच्या यादीत दिलं, पण वाक्यांना अवतरणचिन्हं दिली नाहीत. संगणकाने साम्य दाखवलं, त्याला चौकशीला बोलावलं. तो चार दिवस जेवला नसेल. मोठ्या माणसाने उत्तम लिहून ठेवलेलं वाक्य आपण मोडून आपल्या शब्दांत वाईट का करायचं, हे त्याला मनापासून कळत नव्हतं. मी त्याच्याबरोबर विद्यार्थी संघाच्या सल्लागाराकडे गेले, तिने त्याला काय बोलायचं ते नाही, पण कसं घडलं ते क्रमाने लिहून काढायला शिकवलं. निबंध पुन्हा लिहायची परवानगी मिळाली, गुण पन्नासच्या वर नाहीत या अटीवर. त्यानंतर त्याने एकही वाक्य खुणेशिवाय घेतलं नाही.

हिवाळा आला. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे घेतली आणि डिसेंबरात पावणेचारला अंधार पडायला लागला. मी पार कोमेजून गेले. चेंगदूची म्हणाली, तिच्या गावावर कायम ढग असतात, इतके की सिचुआनमधली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात अशी जुनी म्हण आहे. ती एकटीच त्या अंधारात ताजीतवानी होती. एकदा तिने तेलात ह्वाजिआओ टाकली आणि मी जिन्यावरच थबकले. तिरफळांचा वास! धावत खाली आले, माझ्या डब्यातली तिरफळं काढून तिच्यासमोर ठेवली. दोन्ही एकाच कुळातली, दाणा फोडून जिभेवर ठेवला की तसाच मुंग्या आल्यासारखा बधिरपणा. मालवणीत आपण ती बांगड्याच्या तिकल्यात घालतो, ते तिला करून घातलं. तिने काटेसुद्धा चोखले.

त्या हिवाळ्यात इंग्लंडात विजेचे आणि गॅसचे भाव आभाळाला भिडले होते. आम्ही हीटर संध्याकाळी एक तास लावायचो. न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर काळे ठिपके उठले. बुरशी आम्हा कोकणातल्या माणसांना नवी नाही, मी पुसून टाकली. शिजियाझुआंगच्या मुलीने आधी फोटो काढला, तारखेसकट. दर पंधरवड्याला काढत राहिली. आणि दर फोटोगणिक एजन्सीला एक ईमेल. फोन नाही, ईमेल.

नोव्हेंबरच्या शेवटी चीनच्या उरुमची शहरातल्या आगीनंतर चीनमध्ये आणि बाहेरच्या विद्यापीठांत मुलं कोविडच्या कडक निर्बंधांविरुद्ध कोरे कागद हातात धरून उभी राहिली. आमच्या घरात त्याबद्दल कोणी माझ्याशी बोललं नाही. मी विचारलं नाही. दारं बंद असायची आणि आतून फोनवर हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं.

मग डिसेंबर. तीन वर्षांचे कडक निर्बंध तिकडे एका आठवड्यात सैल झाले आणि कोविडची लाट आली. शिजियाझुआंग पहिल्या फटक्यात सापडलेल्या शहरांपैकी. तापाची औषधं दुकानांतून गायब. तिची आई, वडील, आजी, तिघंही आजारी. ९ डिसेंबरला कोटणीसांना जाऊन ऐंशी वर्षं झाली, आणि त्याच दिवसांत आम्ही शेफील्डमध्ये त्यांच्या समाधीच्या शहरासाठी पॅरासिटामॉल गोळा करत हिंडत होतो.

इंग्लंडात सुपरमार्केटमधून एका वेळी सोळा गोळ्यांची दोनच पाकिटं देतात. पाकीट तेव्हा पन्नास पेन्सच्या आसपास, पण तिसरं मिळत नाही. म्हणून पाचही जण निघालो. ग्वांगझूचाही लॅब सोडून आला. एका दुकानात शिरायचं, प्रत्येकाने दोन घ्यायची, वेगवेगळ्या रांगेत उभं राहायचं, मग पुढचं दुकान. सिटी सेंटरपर्यंत उतारावरून चालत गेलो, न्यू एरा स्क्वेअरच्या चिनी दुकानांत पार्सलवाल्याची चौकशी केली, परत चढ चढून आलो. एका दुकानात कॅशवरच्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काय गं पोरींनो, सगळ्यांचीच डोकी दुखतायत?’ शिजियाझुआंगच्या मुलीने उत्तर दिलं. वही नव्हती तिच्याजवळ. ‘माझी आजी आजारी आहे, आमच्या गावात औषध नाही.’ बाई नियमापुढे काही करू शकली नाही. पण तिने तिचा हात हातात घेऊन दाबला. संध्याकाळी टेबलावर मोजली तर एकोणचाळीस पाकिटं भरली.

पार्सल तीन आठवड्यांनी पोचलं. तोवर तिचे आईवडील बरे झाले होते. आजी, तिची ‘लाओलाओ’, आईची आई, डिसेंबरच्या शेवटी गेली. जायचं म्हटलं तरी तिकडे उतरल्यावर पाच दिवस हॉटेलात आणि तीन दिवस घरी विलगीकरण होतं, ते ८ जानेवारीला उठलं. तिकिटाचे भाव ऐकूनच तिने फोन ठेवला होता. व्हिडिओवर तिने जे काय दिसलं ते पाहिलं. मग स्वयंपाकघरात येऊन बसली, कोट अंगात तसाच.

मला काही बोलता येईना. आमच्याकडे अशा घरी कोणी बोलत बसत नाही, पेज घेऊन जातात. मी तिच्याच तांदळाची, तिच्याच कुकरमध्ये पेज केली. पातळ, नुसतं मीठ घातलेली. वाडगा पुढे ठेवला तर ती म्हणाली, ‘जोउ.’ त्यांच्यात हिला जोउ म्हणतात. दोन घास झाल्यावर म्हणाली की लाओलाओ तांदळाची नाही करायची, श्याओमीची करायची. श्याओमी म्हणजे आपला राळा. ज्या नावाचे फोन आपल्याकडे गल्लोगल्ली विकतात, त्या नावाचा अर्थ राळा आहे हे मला तेव्हा कळलं. सकाळी सहाला उठून लाओलाओ ती चुलीवर ढवळायची, गाओकाओच्या वर्षी रोज. एवढंच बोलली. वाडगा संपवला.

वसंतोत्सव २२ जानेवारीला होता आणि निबंध द्यायची तारीख त्याच आठवड्यात. आदल्या रात्री पीठ मळून जिआओझ, म्हणजे आत सारण भरून मुडपलेले त्यांचे मोदकच, केले. माझ्या पाऱ्या बारीक पडतात हे सगळ्यांच्या लक्षात आलं, मोदकांचा हात. त्या रात्री शिजियाझुआंगची हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

मार्चमधला एक सेमिनार मला सांगायचाच आहे. विषय पाठांतर. बाई म्हणाल्या, पाठ करणं म्हणजे समजणं नव्हे, याबद्दल तरी आपलं एकमत असावं. शिजियाझुआंगच्या मुलीने हात वर केला. आदल्या दिवशी कळवलेल्या प्रश्नांत हे वाक्य नव्हतं, त्यामुळे वहीत काही असण्याची शक्यताच नव्हती. ती म्हणाली, ‘मला तसं वाटत नाही.’ वर्ग थांबला. वॉटकिन्स आणि बिग्ज या अभ्यासकांनी चिनी विद्यार्थ्यांबद्दल जे दाखवलं आहे, की त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा म्हणणं हाच समजून घेण्याचा रस्ता असू शकतो, ते तिने सांगितलं. मग म्हणाली, सहा वर्षांची असताना लाओलाओने तिच्याकडून तांग काळातली एक कविता घोकून घेतली होती. अर्थ कळला नव्हता. या जानेवारीत एका रात्री क्रूक्सचा चढ चढताना कळला. वाक्यात दोन ठिकाणी व्याकरण चुकलं. तिने दुरुस्त केलं नाही, थांबलीही नाही. मी लहानपणी रामरक्षा घोकली तेव्हा मलाही काय कळत होतं! बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. मी मनात मोजले, पाच सेकंद गेले. मग त्या म्हणाल्या, ‘मला यावर विचार करू दे.’

उन्हाळा प्रबंधात गेला. पंधरा हजार शब्द. आपल्याला एवढंच काम असतं, त्यांना दोन असतात. चीनमधल्या कंपन्यांची पुढच्या वर्षीची भरती ऑगस्टपासूनच सुरू होते, म्हणजे इकडे प्रबंध आणि तिकडे मुलाखती, त्याही पहाटे दोन-तीनला, कारण तिकडे सकाळ. २०२३ च्या जूनमध्ये शहरी तरुणांमधली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली होती, आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो आकडा जाहीर करणंच थांबवलं. त्या वर्षी तिथल्या विद्यापीठांतून १ कोटी १५ लाखांवर पदवीधर बाहेर पडले. त्यांच्यातून वाट काढायची, कपाळावर ‘पाणचट मास्टर्स’ घेऊन. चेंगदूच्या मुलीने बेचाळीस अर्ज केले, दोन मुलाखती मिळाल्या. शांदोंगच्या मुलाला गावाजवळच्या कारखान्यात जागा मिळाली, तो प्रबंध देऊन दुसऱ्या दिवशी विमानात बसला. ग्वांगझूच्या मुलाला पीएच.डी. मिळाली, तो लॅबजवळ राहायला गेला.

सप्टेंबरच्या मध्याला घर सोडायची वेळ आली आणि एजन्सीचं पत्र आलं. भिंतीवर बुरशी, भाडेकरूंचा निष्काळजीपणा, साफसफाई आणि रंगासाठी अनामत रकमेतून २४० पौंड कापून घेऊ. मी म्हटलं, जाऊ दे, पाच जणांत वाटलं तर अठ्ठेचाळीस पडतात. फार थकले होते. शिजियाझुआंगची म्हणाली, ‘नाही.’ आणि फोन हातात घेतला.

मला वाटलं ईमेल करेल. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलाशी बसली. वही समोर होती, पेन्सिल हातात. पलीकडे तसाच भराभर बोलणारा माणूस. ती शांतपणे म्हणाली, जरा हळू बोला, मला सगळं नीट ऐकायचं आहे. मग एकेक मुद्दा. नोव्हेंबरपासूनच्या तारखांचे फोटो आहेत. सोळा ईमेल आहेत, तुमची उत्तरं फक्त दोन. न्हाणीघराचा पंखा बंद असल्याचं पहिल्याच ईमेलमध्ये कळवलं होतं. अनामत रक्कम कायद्याप्रमाणे सरकारमान्य योजनेत ठेवलेली आहे, तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, गरज पडली तर करू. तो माणूस मध्येच बोलायला लागायचा. ती त्याला पूर्ण बोलू द्यायची, मग थोडी थांबायची, मग उत्तर द्यायची. ते थांबणं आता पलीकडच्या माणसाला जड जात होतं.

मी वाकून वहीत पाहिलं. पानावर तिने आधी लिहून ठेवलेलं एकही वाक्य नव्हतं. तो माणूस काय म्हणतोय ते ती उतरवून घेत होती, वेळेसकट, निम्मं इंग्रजीत, निम्मं चिनीत.

बाविसाव्या मिनिटाला तो म्हणाला, फोटो पाठवा, आम्ही फेरविचार करतो. ती म्हणाली, ‘आजच पाठवते. उत्तर लेखी द्या.’

फोन ठेवून ती उठली, किटलीत पाणी भरून बटण दाबलं. घरात आता आम्ही दोघीच उरलो होतो. तांदळाचा डबा हलवून तिने आत पाहिलं.

‘जिए, भात किती लावू?’